कंडूयुक्त त्वग्रोगांची नावे आणि रोगभेदाचा इतिहास : माहूर परिसराच्या संदर्भात

१

खाज हे एक लक्षण आहे; रोग अनेक आहेत. हे विधान आज स्वयंसिद्ध वाटत असले, तरी ते प्रस्थापित होण्यास सुमारे दोन सहस्र वर्षे लागली, आणि सामान्य व्यवहारात ते अद्यापि पुरतेपणी रुजलेले नाही. खरूज, गजकर्ण, इसब, पित्ताच्या गांधी व घामोळे या पाच विकारांत माणूस सारखाच खाजवतो. परंतु पहिल्यात सूक्ष्म जीव कातडीत बीळ करतो, दुसऱ्यात बुरशी वाढते, तिसऱ्यात कातडीचा दाह होतो, चौथ्यात रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून कातडी फुगते आणि पाचव्यात घामाची वाट बंद होते. एकाचे औषध दुसऱ्यास निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरते. म्हणून ज्या शब्दांनी समाजाने हे विकार वेगळे ओळखले, किंवा वेगळे ओळखण्यात ज्या शब्दांमुळे अडथळा आला, त्यांचा इतिहास हा केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

या इतिहासाच्या अभ्यासास माहूर हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, पैनगंगेच्या खोऱ्यात, सागाच्या जंगलाने वेढलेल्या तीन डोंगरांवर रेणुका, दत्तात्रेय व अनसूया यांची स्थाने आहेत. उत्तरेस वऱ्हाडचा यवतमाळ जिल्हा, पूर्वेस किनवटच्या पलीकडे तेलुगूभाषी आदिलाबाद. परिसरात गोंड, कोलाम, आंध, प्रधान व बंजारा यांची वस्ती आहे. बहमनी राज्यात महमूद गावानने सुभ्यांची पुनर्रचना केली तेव्हा वऱ्हाडचे गाविलगड व माहूर असे दोन भाग पडले. पुढे इमादशाही, निजामशाही व मोगल यांच्या सत्तेतून हा मुलूख निजामाकडे गेला आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. संस्कृत वैद्यक, युनानी हिकमत, तेलुगू शेजार आणि वनातील अनुभव असे चार प्रवाह येथे एकत्र आले. कातडीच्या रोगांची नावे या चारही प्रवाहांतून तपासता येतात.

२

प्रथम संस्कृत वैद्यकाची व्यवस्था पाहणे इष्ट ठरेल. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत त्वचेच्या बहुतेक विकारांचा समावेश 'कुष्ठ' या एका नावाखाली केला असून त्याचे अठरा प्रकार मानले आहेत : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. दद्रु, पामा, विचर्चिका, सिध्म ही नावे या गणनेतील आहेत. वर्णने नेमकी आहेत. दद्रु म्हणजे खाज, लाली व पुटकुळ्या असलेले, कातडीवर उठून आलेले मंडल. मंडलाचा आकार व उठावदार कड ही दोन लक्षणे आजचा त्वचारोगतज्ज्ञही गजकर्ण ओळखताना प्रथम पाहतो. सिध्म चोळले असता धुळीसारखा कोंडा सुटतो आणि त्याचा रंग दुधीभोपळ्याच्या फुलासारखा असतो, असे चरक सांगतो. ज्यास मराठीत शिबे म्हणतात त्या विकाराचे यापेक्षा सोपे वर्णन करणे कठीण आहे. सुश्रुताने कच्छूचे स्थान सांगताना हात, पाय व कुल्ले यांचा निर्देश केला आहे. खरजेची ही आजही मान्य असलेली स्थाने होत. रोग कसा दिसतो यापलीकडे जाऊन तो शरीरावर कोठे येतो, हा निकष येथे स्पष्टपणे आलेला आहे.

परंतु या दोन संहितांत एकवाक्यता नाही. चरकाने सिध्मास महाकुष्ठात व दद्रूस क्षुद्रकुष्ठात स्थान दिले. सुश्रुताने नेमके उलट केले. विचर्चिका चरकाच्या मते पुष्कळ स्राव असलेली, तर सुश्रुताच्या मते रूक्ष, रेघांची, अतिशय खाजणारी. हा विरोध परंपरेतील टीकाकारांपुढेही होता. आजच्या दृष्टीने पाहता या विरोधामागे वास्तव असावे असे दिसते : इसब हा एकच विकार नव्याने उद्भवला असता पाझरतो आणि जुना झाला, वारंवार खाजवला गेला, की कोरडा, जाड व रेघाळ होतो. दोन आचार्यांनी एकाच रोगाच्या दोन अवस्था पाहिल्या असण्याचा संभव आहे.

याच्या उलट अमरकोशात कच्छू, पामा व विचर्चिका एका ओळीत पर्याय म्हणून येतात, आणि कंडू व खर्जू ही लक्षणवाचक नावे त्यांच्या लगोलग येतात. वैद्याने प्रयत्नपूर्वक वेगळे केलेले कोशकाराने पुन्हा एकत्र केले. यात कोशकाराचा दोष मानण्याचे कारण नाही. पद्यात पर्याय देणे हे त्याचे प्रयोजन होते. तथापि पाठांतराने पसरलेला ग्रंथ कोश होता, संहिता नव्हे. रोगभेदाचे ज्ञान तज्ज्ञांच्या वर्तुळात राहिले आणि सुशिक्षितांच्या भाषेत पर्यायांची सरमिसळ रूढ झाली, ही घटना पुढील विवेचनात पुन्हा भेटेल.

३

मराठी शब्दांकडे वळले असता पहिली लक्षणीय गोष्ट अशी की 'खाज' व 'खरूज' हे दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दापासून, खर्जू यापासून, निघाले आहेत. खर्जू, प्राकृत खज्जू, मराठी खाज हा नियमित मार्ग आहे. सर्प व साप, कर्ण व कान, घर्म व घाम या जोड्यांत तोच नियम दिसतो. खरूज या रूपात मात्र जोडाक्षर सावर्ण्याने न बदलता मध्ये स्वर येऊन फुटले आहे. धर्म व धरम, मूर्ख व मुरूख यांप्रमाणे. अशी दुहेरी रूपे भाषेत टिकतात ती बहुधा अर्थाची वाटणी झाल्यामुळे. येथेही तसेच घडले. खाज ही संवेदना झाली, खरूज हा रोग. संस्कृत कोशात एकरूप असलेले लक्षण आणि व्याधी बोलीने वेगळे केले. कोणाही आचार्याने न शिकवता झालेला हा रोगनिदानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा विवेक होय.

याच खज्जू शब्दाची भावंडे सीमेपलीकडेही आढळतात. तेलुगूत खरजेस 'गज्जि' व कन्नडमध्ये 'कज्जि' म्हणतात. आदिलाबादेकडून माहुरास येणाऱ्या यात्रेकरूची गज्जि आणि माहूरकराची खरूज ही अशा रीतीने एकाच घरातील ठरतात. गजकर्णाची गोष्ट वेगळी आहे. संस्कृत दद्रूपासून हिंदीत दाद व गुजरातीत दादर हे शब्द आले. मराठीच्या नित्य व्यवहारात मात्र गजकर्ण व नायटा हे शब्द बसले. फारसीतून आलेला, न्याय या अर्थाचा 'दाद' मराठीत पक्का रुजल्याने रोगवाचक शब्दास जागा उरली नसावी, असे अनुमान करता येते. गजकर्ण या नावात आकाराची प्रतिमा आहे. तेलुगूत त्याच रोगास 'तामर' म्हणजे कमळ म्हणतात. एका भाषेने हत्तीचा कान पाहिला, दुसरीने कमळ. दोघींनीही पसरत जाणारी गोलाकार कड टिपली, आणि चरकाचे मंडलही तेच सांगते.

निजामी राजवटीत युनानी वैद्यकाची परिभाषा या भागात प्रचारात होती. त्यात खाजेस हिक्का, खरजेस जरब, गजकर्णास कूबा, पित्ताच्या गांधींस शरा, कोडास बरस व महारोगास जुजाम अशी स्वतंत्र नावे आहेत. जरबेचे ओली व कोरडी असे दोन भेद केलेले आहेत. लक्षण, आकार व अवधी या तिन्ही अंगांनी ही व्यवस्था बोलीच्या भेदांशी जुळते. परंतु मराठीने यांपैकी एकही नाव घरगुती वापरात घेतले नाही. मराठीतील 'जरब बसणे' यातील जरब हा वेगळा, तडाखा या अर्थाचा अरबी शब्द आहे. दरबार, जमीन-महसूल व कचेरी यांचे शेकडो फारसी-अरबी शब्द पचवणाऱ्या भाषेने कातडीच्या रोगांस मात्र स्वतःचीच नावे ठेवली. खाजवणारा माणूस कचेरीत जात नाही, घरातील वडीलधाऱ्या बाईस विचारतो, हे त्याचे कारण असावे.

मराठी रोगनामे नामकरणाच्या निकषानुसार मांडली तर चार वर्ग पडतात. संवेदनेवरून खरूज. आकारावरून गजकर्ण. कारण व ऋतू यांवरून घामोळे, पावसाळ्यात पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या, आणि 'बिब्बा उतणे'. कल्पिलेल्या दोषावरून 'पित्त उठणे'. या शेवटच्या विकारास गांधी उठणे असेही म्हणतात. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचे वर्णन करताना त्या सुजेस गांधीलमाशीच्या दंशाची उपमा दिली आहे. गांधी व गांधीलमाशी यांचे मराठीतील रूपसाम्य त्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. गांधीची खूण अशी की एक गांधी एका जागी सहसा चोवीस तासांहून अधिक टिकत नाही. येथून मावळते, तेथे उगवते. गजकर्ण आठवडे राहते, इसब महिने राहतो. कालावधी हाच येथे भेदक निकष ठरतो.

४

रेणुकेच्या उपासनेशी त्वग्रोगाचा संबंध दक्षिणेत ठळक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या कथेत जमदग्नीच्या शापाने रेणुकेचे शरीर त्वचारोगाने विद्रूप होते, ती वनात भटकते, दोन योग्यांच्या सांगण्यावरून स्नान व उपासना करून बरी होते, आणि त्यानंतर शिरच्छेदाचा प्रसंग येतो. माहूरच्या स्थलकथेचा भर वेगळा आहे. परशुराम मातापित्यांना कावडीत घेऊन येथे येतो, दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली अंत्यविधी होतो, रेणुका सती जाते आणि पुढे भूमीतून केवळ तिचे मुख प्रकट होते. माहुरात मुखाचेच दर्शन घडते, ते या कथेस धरून. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात रेणुका व यल्लम्मा यांच्या भूदेवीस्वरूपाची जी चर्चा केली आहे, तिच्या प्रकाशात या दोन कथा एकाच दैवताच्या आहेत हे ध्यानात येते.

दत्तसंप्रदायातही हा विषय येतो. गुरुचरित्रात माहूरच्या गोपीनाथाचा पुत्र क्षयाने पीडित होऊन गाणगापुरास नेला जातो. त्याच ग्रंथात नरहरी नावाचा कुष्ठी ब्राह्मण वाळलेल्या औदुंबराच्या काष्ठास पाणी घालतो व बरा होतो. क्षयाच्या रोग्यास शेवटपर्यंत सहानुभूती मिळते. कुष्ठी मात्र समाजाबाहेर पडलेला आहे. कथाकारास 'कुष्ठ' या शब्दाने नेमका कोणता विकार अभिप्रेत होता हे सांगता येत नाही, आणि खरी अडचण हीच आहे. कुष्ठ या शब्दात दद्रूही येते, कोडही येते आणि महारोगही येतो. ज्याचे गजकर्ण आठ दिवसांच्या औषधाने आवरते तो, ज्याचे कोड कोणालाही लागत नाही तो, आणि ज्याचे मज्जातंतू झडत आहेत तो, या तिघांनाही एकाच शब्दाने एकाच पंक्तीबाहेर उठवले.

५

खरजेचे कारण पाश्चात्त्य वैद्यकातही फार उशिरा मान्य झाले. १६८७ मध्ये इटलीत बोनोमो व चेस्तोनी यांनी खरजेच्या फोडातून काढलेल्या सूक्ष्म जीवाचे चित्र प्रसिद्ध केले. गरीब बाया मुलांच्या अंगातून टाचणीने हे जीव काढतात, हे पाहूनच त्यांना शोधाची दिशा मिळाली. तरीही पुढे दीडशे वर्षे विद्वान वैद्य रक्तदोषच सांगत राहिले. १८३४ मध्ये रेनुच्ची या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयात सुईच्या टोकावर तो जीव सर्वांसमक्ष काढून दाखवला तेव्हा वाद मिटला. ही रीतही त्याने आपल्या गावच्या स्त्रियांकडून घेतली होती. बुरशीचा शोध त्याच सुमाराचा : १८३९ मध्ये शोनलाइन व १८४१ मध्ये ग्रुबी यांनी डोक्याच्या चाईसारख्या विकारात बुरशी दाखवली. अशा रीतीने खरूज व गजकर्ण यांचे कूळ कायमचे वेगळे झाले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात शेफील्ड येथे मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांनी आणखी दोन गोष्टी उघड झाल्या. एका रोग्याच्या अंगावर प्रौढ माद्यांची सरासरी संख्या जेमतेम अकरा-बारा असते. आणि प्रथमच लागण झालेल्यास खाज सुटण्यास महिना-सव्वा महिना लागतो. म्हणजे खाज ही जिवाच्या हालचालीची नव्हे, शरीराच्या प्रतिक्रियेची आहे. यातूनच घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार करण्याचा नियम निघतो, कारण जो अद्याप खाजवत नाही तोही रोग वाहत असू शकतो. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीभोवतालचा भाग ही स्थाने, आणि घरात आणखी कोणी खाजवते काय हा प्रश्न : खरूज ओळखण्यास बहुधा एवढे पुरते. गजकर्णात कड जिवंत असते व मध्यभाग निवळत जातो. इसबास अशी रेखीव सीमा नसते. तो कातडीत विरघळल्यासारखा संपतो.

गजकर्णाच्या औषधाचा इतिहास मराठी मुलखाशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' या नावाने एक पिवळसर भुकटी गजकर्णावर विकली जाई. ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातील हे द्रव्य पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास येत असे, हे बहियाच्या दा सिल्व्हा लिमा यांनी दाखवून दिले. त्यातील कार्यकारी द्रव्य ज्या रासायनिक कुळातील, त्याच कुळातील द्रव्य टाकळ्याच्या बियांत असते. मराठवाड्यात व वऱ्हाडात तरोटा या नावाने ओळखली जाणारी ही पावसाळी वनस्पती संस्कृतात चक्रमर्द व दद्रुघ्न, म्हणजे चक्राकार चट्टा मोडणारी व दद्रु नाहीशी करणारी, म्हणून प्रसिद्ध आहे. ब्राझीलचा वृक्ष आणि माहूरच्या बांधावरचा तरोटा एकाच गुणाने एकाच रोगावर लावले गेले.

माहूरच्या वनातील बिब्बा याहून उद्बोधक आहे. बिब्ब्याचे तेल लागून कातडी लाल होते, फोड येतात, पाझरते. 'बिब्बा उतला' या शब्दप्रयोगात कारण व परिणाम दोन्ही सांगितलेले आहेत. ज्यास आज स्पर्शजन्य इसब म्हणतात त्याचेच हे नाव होय. परटांनी कपड्यांवर खुणा करण्यासाठी बिब्बा वापरल्याने महायुद्धाच्या काळात परदेशी सैनिकांना मानेवर व कमरेवर असा विकार झाला, त्याची नोंद १९४३ मध्ये झाली. परंतु इंग्रज मंडळींनी 'धोबी इच' हे नाव त्यापूर्वीच जांघेतील गजकर्णास दिलेले होते. दोन भिन्न रोग, दोन्ही परटाच्या माथी. बिब्बा उतणे म्हणणारी माहूरची बोली येथे साहेबाच्या परिभाषेपेक्षा अधिक काटेकोर ठरते. नव्या कारणांसही बोलीने नावे दिली आहेत. १९५६ मध्ये पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत पुढे सर्वत्र पसरले आणि शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर चिवट इसब उत्पन्न करू लागले. 'गाजरगवताची खाज' हा आता मराठी शेतकऱ्याच्या परिचयाचा शब्दसमूह आहे.

६

येथवर पाहिलेल्या सर्व नावांत एका गोष्टीस नाव नाही, आणि ती म्हणजे खाज नसणे. चरकाने कुष्ठाच्या पूर्वरूपांत कंडू व स्पर्शाचे अज्ञान ही दोन्ही लक्षणे एकत्र नोंदली होती. नंतरच्या ज्ञानाने त्यांची फारकत केली. हॅन्सेनने १८७३ मध्ये महारोगाचा जंतू ओळखला. या रोगाचा फिकट किंवा तांबूस चट्टा सामान्यतः खाजत नाही आणि तेथे स्पर्श, ऊन-थंड किंवा टोचणी कळत नाही, हे त्याचे मुख्य लक्षण ठरले. म्हणजे खाजणारा चट्टा बहुधा महारोगाचा नसतो आणि न खाजणारा, बधिर चट्टा संशयास्पद असतो. सामान्य समज याच्या अगदी उलट चालते. जे खाजते ते त्रास देते म्हणून माणूस औषध शोधतो. जे खाजत नाही त्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो. दरम्यान गजकर्णाच्या रोग्यास लोक महारोगी ठरवतात.

या गोंधळास कायद्याचेही पाठबळ मिळाले. १८९८ च्या महारोग्यांविषयीच्या कायद्याने निर्धन रोग्यास कोंडून ठेवण्याची मुभा दिली; तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. महारोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ मध्ये गेली. हैदराबाद संस्थानात निजामाबादजवळ डिचपल्ली येथे १९१५ पासून, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांच्या प्रयत्नाने १९३६ पासून आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांच्यामुळे १९४९ पासून या रोग्यांची सेवा होऊ लागली. तिन्ही स्थाने माहूरच्या भोवतालच्या प्रदेशातील आहेत. १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस झाल्यापासून महारोग पूर्णपणे बरा होऊ लागला. मात्र तो वेळीच ओळखला जाणे ही त्याची अट आहे.

दुसऱ्या बाजूस गजकर्णच आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. स्टेरॉइड मिसळलेली मलमे दुकानातून परस्पर घेऊन लावण्याची रीत पडली. अशा मलमाने खाज तात्काळ थांबते, लाली जाते, कड मावळते. बुरशी मात्र पसरत राहते. चरकाने सांगितलेले मंडल, तेलुगूने पाहिलेले कमळ, मराठीने पाहिलेला हत्तीचा कान, सर्वच पुसले जाते. १९६८ मध्ये इंग्लंडातील वैद्यांनी या ओळखू न येणाऱ्या गजकर्णास स्वतंत्र नाव दिले. २०२० मध्ये भारताच्या नावावरूनच एका बुरशीचे 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नामकरण झाले. नेहमीच्या औषधास ती पुष्कळदा दाद देत नाही. लक्षण नाहीसे करणे म्हणजे रोग नाहीसा करणे ही समजूत येथे पूर्ण वर्तुळ काढून परत आली आहे. खाज व खरूज यांत बोलीने केलेला भेद मलमाच्या नळीने पुसून टाकला.

या विवेचनाचे तात्पर्य असे. रोगभेदाचे ज्ञान केवळ ग्रंथांत साठलेले नव्हते. ते शब्दांत, वनस्पतींच्या नावांत आणि सुईने जीव काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांतही होते. ग्रंथांनी ते कधी सूक्ष्म केले, कधी पर्यायांच्या ओळीत हरवले. मराठीजवळ आकार, ऋतू, कारण व अवधी सांगणारी नावे आहेत. ती वैद्याने रोग्यास प्रश्न विचारताना वापरावीत अशा योग्यतेची आहेत. उणीव आहे ती बधिरपणाच्या नावाची. माहूरच्या डोंगराखालील एखाद्या गावात आरोग्यसेविका 'खाजते का?' असे विचारते आणि 'नाही' हे उत्तर मिळते, तेव्हा तपासणी संपत नाही. ती तेथूनच सुरू व्हावयास हवी.